डोंगरउतारावर मजगी करावी की वाळ्याचे पट्टे लावावेत?

माती वाहून जाऊ नये म्हणून वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीत मजगी करून पायऱ्या पाडाव्यात, की उतार तसाच ठेवून समपातळीवर वाळ्याच्या गवताच्या आडव्या ओळी लावाव्यात, हा प्रश्न कोकणात हल्ली पुन्हा ऐकू येतो. एकेकाळी घरातल्या माणसांनी कुदळ-फावड्याने वर्षानुवर्षे केलेले काम आता जेसीबी काही दिवसांत उरकतो, हे त्याचे कारण असावे. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या जमिनीत खाली वडिलोपार्जित भातखाचरे आहेत, वरच्या उतारावर मी वाळा लावला आहे आणि लगतच्या उतारावर यंत्राने मजगी झाली आहे. त्यामुळे दोन्ही पर्याय मला एकाच पावसात पाहायला मिळतात.

मजगीचे सामर्थ्य केवळ माती अडवण्यात नाही. जांभ्याची माती आम्ल असते आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात. खाचरात पाणी साचून राहिले की ही आम्लता कमी होत जाते आणि अडकून पडलेल्या स्फुरदाचा काही भाग भाताच्या मुळांना मिळू लागतो. शिवाय वरच्या खाचरातून उतरणारे पाणी सोबत गाळ आणते. म्हणूनच आमची जुनी खाचरे बेताच्या शेणखतावर दरवर्षी भात देतात, तर वरच्या वरकसात नाचणी, वरी, कारळे असा फेर झाला की जमीन पड टाकावी लागत असे. मात्र हा सारा लाभ पाणी उभे राहण्यावर अवलंबून आहे. जुन्या खाचरांचा तळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिखलणीने घट्ट झालेला असतो. नव्या पायरीच्या मुरमाड तळातून पाणी झिरपून जाते, आणि भातासाठी केलेल्या पायरीत शेवटी नाचणीच लावावी लागते.

खोदाईचे गणितही आधी मांडून पाहावे. शंभर मीटरला वीस मीटर उतार असलेल्या जमिनीत एक मीटर उंचीच्या पायऱ्या काढल्या, तर दर पाच मीटरला एक पायरी येते आणि आतल्या कडेला सुमारे अर्धा मीटर खोदावे लागते. आमच्याकडे मातीचा थर जेमतेम तेवढाच आहे. मातीच्या पायरीची दरड पंचेचाळीस अंशांत तासली, तर पाचांपैकी एक मीटर तिच्यातच जातो. वरची काळपट माती आधी बाजूला काढून शेवटी पुन्हा पसरली तर हानी बरीच टळते. पण यंत्राचे भाडे तासावर असते, त्यामुळे हे काम क्वचितच होते. शेजारच्या पायऱ्यांवर बाहेरच्या कडेच्या भरावावरची नाचणी गुडघ्यापर्यंत येते, तेव्हा आतल्या बाजूची पिवळी पडून वीतभरच राहते.

तरीही मुरमावर शेणखत आणि पालापाचोळ्याचा इलाज आहे. माझा निर्णय झाला तो मेरेमुळे, म्हणजे खाचराच्या कडेच्या बांधामुळे, आणि त्यातही खेकड्यांमुळे. खेकडा मेरेत बीळ करतो, त्यातून आधी बोटाएवढी धार लागते, रात्री पाऊस वाढला की तेवढ्या जागी मेर ढासळते आणि वरच्या खाचराचे पाणी खालच्या मेरांवर कोसळते. वर्षभरात साठलेली बारीक माती एका रात्रीत पऱ्याला (ओढ्याला) जाते. आषाढात रोज सकाळी फावडे घेऊन प्रत्येक मेर पाहणे, बिळे दगड-चिखलाने बुजवणे आणि फुटलेली जागा त्याच दिवशी बांधणे, एवढी माणसे घरात असतील तर मजगी खुशाल करावी. आमच्या घरात आता दोघेच आहोत, आणि लावणीच्या दिवसांत मजूर मिळण्याची आशा आम्ही सोडली आहे. खालच्या खाचरांच्या मेरा सांभाळतानाच दमछाक होते, तिथे वर आणखी कोण चढणार?

वाळ्याचीही कुरकुर आहेच. पहिल्या पावसात काही ठोंब उपटून जातात आणि ते पुन्हा लावावे लागतात. ओळीच्या वरच्या अंगाला माती साठते, पण लगेच खालची पट्टी खरवडली जाते आणि तिथले पीक विरळ राहते. मी घरचे शेणखत मुख्यतः त्या पट्टीलाच घालतो. भाताचा तर इथे प्रश्नच नाही. परंतु जून झालेल्या वाळ्याला गुरे सहसा तोंड लावत नाहीत, वणवा गेला तरी तो बुडातून फुटतो, आणि एखाद्या ओळीत खिंडार पडले तरी तिच्याखालच्या ओळी शाबूत राहतात. उत्पन्न मी तोलून पाहिलेले नाही. तरी मळणीच्या वेळी शेजारच्यापेक्षा आमची रास कमी दिसल्याचे आठवत नाही, आणि ओळींच्या वरच्या अंगाला लावलेल्या काजूंनीही चांगला जोर धरला आहे.

ज्यांच्याकडे मीटरभर खोल माती आहे आणि पऱ्याचे पाणी दिवाळीपर्यंत वळवता येते, त्यांना मजगीच अधिक फळेल, हे मान्य करायला हवे. इतरांनी यंत्र बोलावण्यापूर्वी उतारावर वर, मध्ये आणि खाली एकेक खड्डा खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे. तो गुडघाभर खोलीच्या आतच लागला, तर जूनच्या पहिल्या पावसात वितीच्या अंतराने ठोंब लावून मोकळे व्हावे, असे मला वाटते.