पहिली सिंगल माल्ट: ४० टक्क्यांची की ४६ टक्क्यांची?

ब्लेंडेड व्हिस्की बरीच पिऊन झाली, आता एक चांगली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) घरी आणायची आहे, असं म्हणणाऱ्याला मिळणारा सल्ला जवळजवळ ठरलेला असतो. ग्लेनलिव्हेट १२ (आकडा पिंपात मुरलेल्या वर्षांचा) घे नाहीतर ग्लेनफिडिक १२ घे, दोन्ही स्मूथ आहेत, पैसे वाया जाणार नाहीत. सल्ला वाईट नाही. १८२४ मध्ये रीतसर परवाना काढून व्हिस्की गाळणारी ग्लेनलिव्हेट आणि १९६३ पासून सिंगल माल्ट हीच ओळख घेऊन स्कॉटलंडबाहेर पडलेली ग्लेनफिडिक, या दोघींनी ब्लेंड पिणाऱ्या असंख्य लोकांना इकडे वळवलं. तरी आज मला कुणी विचारलं तर मी जरा वेगळी बाटली सुचवतो. ती का, हे सांगण्याआधी इतर दोन वाटा बाजूला काढतो, कारण त्यांच्याबद्दल मला फारसं अडून बसायचं नाही.

पहिली वाट धुराची. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लाफ्रॉइग, अर्डबेग, लागावूलिन. यांच्यासाठी बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाच्या, धुरावर वाळवतात, आणि तो धूर शेवटपर्यंत ग्लासात राहतो. लाफ्रॉइगमध्ये तर आयोडीन, जखमेवरची पट्टी, समुद्राचं शेवाळ असं काहीबाही जाणवतं. ज्याला हे आवडतं त्याला पहिल्याच घोटात आवडतं, आणि ज्याला आवडत नाही त्याची अख्खी बाटली कपाटात पडून राहते. धुराचा आकडा पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) सांगतात, अर्डबेगच्या बार्लीचा तो ५० च्या वर असतो. पण तो आकडा बार्लीचा, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे; गाळताना आणि मुरताना त्यातला बराच भाग गळून जातो, त्यामुळे आकड्यांवरून दोन बाटल्यांची तुलना करू नये. धुराची उत्सुकता असेल तर आधी बारमध्ये एक पेग घ्या, बाटली नंतर. अगदी पहिलीच बाटली धुराची हवी असेल तर स्काय बेटावरची टॅलिस्कर १० बघा. धूर बेताचा, मागून मिरीसारखा झणका, आणि ४५.८ टक्के अल्कोहोल. या टक्क्यांकडे आपण पुढे येणारच आहोत.

दुसरी वाट शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांची. ग्लेनड्रॉनाक १२ हे तिचं सरळ उदाहरण: ओलोरोसो आणि पेड्रो हिमेनेझ शेरीच्या पिंपांत मुरलेली, ४३ टक्के, मनुका-अंजिराच्या अंगाने जाणारी. नवख्या माणसाला ही पटकन आवडते आणि आवडली तर त्यात काही गैर नाही. माझी शंका एवढीच की इथे पिंप फार बोलतं. डिस्टिलरीने काय गाळलं होतं, हे ओळखायला अनुभवी जिभेलाही कष्ट पडतात. शिवाय १९८० च्या दशकापासून शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरली जाऊ लागली. पूर्वी शेरी वाहून आणणारी पिंपं रिकामी झाली की डिस्टिलऱ्यांकडे जात. आताची बहुतेक पिंपं मुद्दाम व्हिस्कीसाठी शेरी भरून तयार केलेली असतात. चांगली बनतात, पण खर्चीक असतात आणि सगळी सारखी उतरत नाहीत. त्यापेक्षा बर्बन या अमेरिकन व्हिस्कीची पिंपं मुबलक, कारण बर्बनला तिथल्या कायद्याने दरवेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. एकदा वापरलं की ते स्कॉटलंडला जायला मोकळं. बर्बनच्या पिंपात व्हिस्कीला व्हॅनिला आणि मधाची झाक येते, पण मूळ द्रव झाकला जात नाही. शिकायला हे पिंप बरं, असं मला वाटतं.

आता खरी निवड. एकीकडे हलक्या, फळांच्या वासाच्या, ४० टक्क्यांच्या माल्ट: ग्लेनलिव्हेट १२, ग्लेनफिडिक १२, ग्लेनमॉरंजी. दुसरीकडे तशाच सौम्य स्वभावाच्या, धूर नसलेल्या, पण ४६ टक्क्यांच्या आसपास भरलेल्या आणि चिल फिल्टर न केलेल्या, म्हणजे थंड करून न गाळलेल्या: डीन्स्टन १२, बुनाहावन १२, ॲरन १०.

पहिल्या गटाबद्दल मला आदर आहे. ग्लेनमॉरंजीचंच घ्या. तिथल्या भट्ट्यांच्या माना स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच, ५ मीटरहून जास्त. जड वाफ वर पोचेपर्यंत थंड होऊन परत खाली पडते, हलकी तेवढी पलीकडे जाते, म्हणून तिच्यात संत्र्याच्या सालीचा आणि फुलांचा तो नाजूक वास येतो. नीट प्यायलं, घाई केली नाही, तर फार सुंदर व्हिस्की आहे.

पण नवखा माणूस नीट पीत नाही. निदान पहिले काही महिने तरी नाही. जिभेला अल्कोहोल टोचतं, नाकात झणका जातो, आणि हात पाण्याकडे जातो. जायलाच हवा. व्हिस्की शिकताना पाणी घालणं ही कमीपणाची गोष्ट नाही. व्हिस्कींचं मिश्रण जुळवणारी ब्लेंडर मंडळी नमुने तपासतात तेव्हा ते पाणी घालून बऱ्यापैकी खाली आणूनच वास घेतात. माझा सगळा वैताग इथे सुरू झाला. ४० टक्क्यांच्या माल्टमध्ये पाणी घातलं की पहिल्या काही थेंबांना वास किंचित उघडतो, आणि मग अचानक सगळं सपाट होतं. मध गेला, फळ गेलं, राहिलं ते लाकूड आणि ओलसर गोडसरपणा. पाणी न घालावं तर टोचतं, घालावं तर चव मोडते. मधली जागा इतकी अरुंद की हात जरासा हलला तरी पेग गेला. वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांच्या बाटल्यांशी माझं हेच झालं, म्हणून मी कुणा एकीचं नाव घेत नाही. दोष त्या व्हिस्कींचा नाही, टक्क्यांचा आहे असं माझं मत झालं.

हिशेब करून बघा. ३० मिलिलिटरचा पेग घ्या आणि त्यात चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर पाणी घाला. ४० टक्क्यांची व्हिस्की ३४ च्या जरा वर येते. ४६ टक्क्यांची त्याच चमच्याने ३९ च्या वर राहते. म्हणजे पहिल्या बाटलीतली माल्ट पाणी न घालता जिथे होती, साधारण तिथे. आणखी एक चमचा घाला, तेव्हा कुठे ती ३४.५ वर येते. ४६ टक्क्यांच्या बाटलीत तुम्हाला तीक्ष्ण, मध्यम आणि सौम्य अशा तिन्ही पायऱ्या मिळतात, आणि आपली जीभ कुठल्या पायरीवर खूश आहे हे शोधता येतं. ४० च्या बाटलीत वरची पायरी डिस्टिलरीनेच काढून घेतलेली असते.

कारण पाणी तर सगळ्यांतच असतं. पिंपात भरताना द्रव साधारण ६३.५ टक्क्यांचा असतो, वर्षानुवर्षं मुरताना थोडा उतरतो, आणि बाटलीत भरताना कंपनी पाणी घालून हवा तो आकडा गाठते. कायद्याने ४० च्या खाली जाता येत नाही, म्हणून ४० हा तळ आहे. तळावरच्या व्हिस्कीत आपण अजून पाणी घालतो तेव्हा खाली फारसं काही उरलेलं नसतं. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रिडमन यांनी संगणकावर याचा अभ्यास केला. धुरकट वास देणारा ग्वायाकोल नावाचा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो, आणि ५९ च्या वर अल्कोहोल त्याला आत ओढून घेतं, असं त्यांना दिसलं. यावरून तीव्र व्हिस्कीत पाणी घातल्यावर वास का खुलतो ते कळतं. ४० वर मात्र हा फायदा आधीच घेऊन झालेला असतो, असा मी माझ्यापुरता अर्थ लावतो. एका रेणूवरून सगळ्या व्हिस्कीचा निकाल देता येत नाही, हे मान्य.

आकडा नेमका ४६ च का, याचं उत्तर चिल फिल्टरिंगमध्ये आहे. व्हिस्कीत मेदाम्लांची एस्टर नावाची संयुगं असतात. साधारण ४६ टक्क्यांच्या खाली थंडी मिळाली किंवा पाणी पडलं की ती एकत्र येऊन व्हिस्की गढूळ करतात. ग्राहकाला गढूळ पेय आवडत नाही, म्हणून व्हिस्की शून्य अंशाच्या आसपास थंड करून ती एस्टर गाळून काढतात. ४६ च्या वर भरली तर बाटलीत गढूळपणाची भीती जवळजवळ राहत नाही, आणि गाळायची गरजही. या गाळण्याने चव किती जाते यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला स्वतःला न गाळलेल्या माल्टचा घोट तोंडात जास्त भरीव, किंचित तेलकट वाटतो. तो फरक गाळण्याचा किती आणि टक्क्यांचा किती, हे वेगळं करून सांगणं माझ्या जिभेला जमत नाही. घरी पाणी घातल्यावर ग्लासात हलकं धुकं आलं तर घाबरू नका, तो खराबीचा नव्हे, न गाळल्याचा पुरावा आहे.

४६ च्या विरोधातही बोलायला हवं. ही बाटली पहिल्या घोटात कमी मनमिळाऊ असते. पाहुणे आले, ग्लास भरले, कुणी पाणी घातलं नाही, तर ४० टक्क्यांची माल्ट जास्त कौतुक मिळवते. ज्याला एक चमचा पाणी, मग दोन मिनिटं थांबणं, मग पुन्हा वास घेणं हा खटाटोप नको असेल त्याने खुशाल हलकी माल्ट घ्यावी आणि नीट प्यावी. आणि ज्याला ग्लास बर्फाने भरायचा आहे त्याच्यासाठी हा सगळा वाद गैरलागू आहे, थंडीत वास तसाही मिटतो. पण मग सिंगल माल्टऐवजी चांगला ब्लेंड घेतलेला बरा, असं माझं नम्र मत.

दुकानात उभं राहून निवडताना वयापेक्षा टक्के आधी बघा. १० किंवा १२ वर्षं पहिल्या बाटलीला भरपूर आहेत. १८ वर्षांच्या माल्टमधल्या खुणा ओळखायला आधी १२ ची सवय लागते. रंगावर तर अजिबात जाऊ नका. स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग घालायला कायद्याची परवानगी आहे, आणि गडद सोनेरी बाटली मुरलेली असेलच असं नाही. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटलीवर रंग घातल्याचं छापावं लागतं, इतरत्र बहुधा अंदाजच करावा लागतो. उलट जी डिस्टिलरी रंग घालत नाही आणि चिल फिल्टर करत नाही, ती हे लेबलावर आवर्जून लिहिते. तेवढी ओळ शोधली तरी निम्मं काम झालं. टक्के मात्र त्या त्या बाटलीवरच वाचावेत, कारण एकच माल्ट दोन देशांत वेगळी भरलेली असू शकते. लाफ्रॉइग १० ब्रिटनमध्ये ४० टक्क्यांची मिळते आणि अमेरिकेत ४३.

मग त्या तिघींपैकी कोणती? ॲरन १० सर्वांत तरतरीत, सफरचंद आणि लिंबाकडे झुकणारी, बरोबर ४६ टक्के. उन्हाळ्यात मला ती आवडते. डीन्स्टन १२ बर्बनच्या पिंपातली, ४६.३ टक्के, मध, बार्लीचा गोडवा, आणि मेणासारखा मऊ स्पर्श. ही डिस्टिलरी टीथ नदीकाठच्या १७८५ च्या सूतगिरणीत आहे आणि अजून नदीच्या पाण्यावर वीज करते. ग्लेनलिव्हेटची चव ज्याला ठाऊक आहे आणि त्याच वाटेने पुढे जायचं आहे, त्याच्यासाठी डीन्स्टन सर्वांत सोपी पायरी. बुनाहावन १२ आयलाची असूनही धुराची नाही. तीही ४६.३ टक्के, शेरीच्या पिंपांचा हात लागलेली. सुका मेवा, भाजलेला दाणा, आणि शेवटी जिभेच्या कडेला अगदी किंचित मीठ. दोन चमचे पाणी घातलं तरी ती उभी राहते, आणि पाण्यानंतरच तो दाण्याचा वास वर येतो. माझ्या कपाटात बहुतेक वेळा हीच असते. नवख्याला मात्र मी आधी डीन्स्टन म्हणेन, कारण तिच्यात शेरी मध्ये येत नाही आणि पाण्याने काय बदलतं ते स्वच्छ कळतं.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा, वर निमुळता घ्या. ग्लेनकेर्न मिळाला तर उत्तम. पाणी चमच्याने घाला, बाटलीतून ओतू नका. डीन्स्टन अर्धी झाली आणि तुम्हाला तुमची पायरी सापडली की ग्लेनमॉरंजी आणा आणि ती पाण्याशिवाय प्या. तोवर नाकाला अल्कोहोलची सवय झालेली असते, टोचणं कमी झालेलं असतं, आणि संत्र्याची ती साल पूर्ण मिळते.