ट्रायकोकार्ड: उत्पादन चांगले, माहितीपत्रक अपुरे
कपाशीवरील बोंडअळीसाठी एका प्रयोगशाळेतून घेतलेली ट्रायकोकार्डे दर्जेदार निघाली. एका कार्डावर तांदळावरील पतंगाची सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात, ज्यांत ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकाने आपली अंडी घातलेली असतात, आणि पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूस टाचणे सोपे जाते. मात्र माहितीपत्रकात बांधाचा उल्लेखही नाही, ही मला गंभीर उणीव वाटते. ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यातच आपले अंडे घालते, परंतु फुलांतील मकरंद मिळाला तर ती अधिक दिवस जगते आणि अधिक अंडी घालते. म्हणूनच शेताच्या कडेला फुलणारी झाडे हवीत. बांधावरच्या चवळीवरील माव्यावर ढालकिडे आणि क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक) पोसले जातात व पुढे तेच कपाशीत उतरतात. ज्यांचे बांध तणनाशकाने उघडे केलेले आहेत, त्यांनी आधी चवळी पेरावी, मगच कार्डे मागवावीत.