फळमाशी की कोळंबी?
बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या माझ्या भाचीला अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या रोगप्रतिकारशक्तीवर पीएच.डी. करायची आहे आणि तिच्यापुढे दोन वाटा आहेत. फळमाशीवर मूलभूत विज्ञानाची तालीम पक्की होते: २५ अंश तापमानात साधारण १० दिवसांत नवी पिढी हाती येते, जनुके हवी तशी बदलता येतात आणि टोल जनुकाची प्रतिकारातली भूमिका १९९६ मध्ये याच माशीत उघड झाली, ज्या कामासाठी ज्यूल्स हॉफमन यांना २०११ चे नोबेल मिळाले. मात्र कायम नोकरीआधी पीएच.डी.नंतरची आणखी काही वर्षे संशोधनात घालवावी लागतात.

कोळंबीचे काम चिखलपाण्यातले. सिरिंजमध्ये गोठणरोधक द्राव न भरता सुई टोचली, तर तिचे फिकट निळसर रक्त आतच थिजते. हात बसायला वेळ लागतो. पण पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने तळीच्या तळी काही दिवसांत रिकामी होतात आणि कोळंबीत प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयारच होत नसल्याने नेहमीच्या लसींवर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून कोळंबीची पिल्ले तयार करणाऱ्या हॅचऱ्यांना आणि निदान-प्रयोगशाळांना अशी जाणती माणसे हवी असतात. केंद्रीय खारपाणी मत्स्यसंवर्धन संस्थेचे केंद्र तर नवसारीलाच आहे. मी तिला कोळंबीच सुचवली, फक्त आधी काही महिने माशीच्या प्रयोगशाळेत काढायला सांगून.