'बिगिनर आरसी प्लेन, रेडी टू फ्लाय' म्हणून काय विकतात ते घेण्याआधी वाचा

पहिल्यांदा आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं विमान घेणाऱ्या माणसाला फसवणं एकदम सोपं असतं, कारण विमान पडलं की तो स्वतःलाच दोष देतो. मोबाईल खराब निघाला तर आपण दुकानात जाऊन भांडतो, पण विमान नाकावर आदळलं की "आपल्यालाच जमत नाही" म्हणून गप्प बसतो आणि वर त्याच माणसाकडून नवीन पार्ट मागवतो. माझ्या बाबतीत हेच झालं आणि विकणाऱ्याचा सगळा धंदाच त्यावर चाललाय हे नंतर कळलं. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

विकणारा म्हणजे इन्स्टावरचं एक पेज. नाव देत नाही, दिलं तर उद्या दुसऱ्या नावाने पेज उघडेल आणि तुम्ही त्याला चांगला समजाल. व्हिडिओत पंख वर असलेलं मस्त पांढरं-निळं ट्रेनर (शिकायचं) विमान एका मैदानावर आरामात गोल फिरतंय, खाली लिहिलेलं "शंभर टक्के बिगिनर फ्रेंडली, ईपीओ फोम, तुटत नाही, ऑटो स्टॅबिलायझर, लहान मुलंपण उडवू शकतात". विमान, सहा चॅनेलचा (सहा वेगवेगळे कंट्रोल पाठवणारा) ट्रान्समीटर म्हणजे रिमोट, २२०० एमएएचची थ्री-एस लिपो (तीन सेलची लिथियम) बॅटरी आणि चार्जर असा सगळा कॉम्बो १४,५०० ला. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं, माणूस अगदी गोड, प्रत्येक वाक्यात सर.

आणि मी काही डोळे मिटून घेतलं नव्हतं हो. आधी बरंच वाचलेलं. पहिलं विमान हाय-विंग पाहिजे, म्हणजे पंख अंगाच्या वर, आणि दोन्ही पंख टोकाकडे जरा उचललेले, त्याला डायहेड्रल म्हणतात, त्यामुळे विमान कललं तरी स्टिक सोडल्यावर आपोआप सरळ व्हायला बघतं. पंखाची खालची बाजू जवळपास सपाट, म्हणजे हळू स्पीडलाही हवेत टिकतं. पंखांचा पसारा साधारण एक मीटर किंवा थोडा जास्त, म्हणजे लांबून दिसतं तरी. मस्टँग, स्पिटफायर असली देखणी लढाऊ विमानं शिकायला घ्यायची नाहीत, ती हळू केली की पंखाचं एक टोक खाली टाकून गिरकी घेत जमिनीत जातात. हे सगळं मी त्याला विचारलं आणि सगळ्याची उत्तरं बरोबर आली. हाय-विंग? हो सर. चार चॅनेल? हो सर. फोम? ईपीओ सर. मी जे वाचून गेलो होतो तेच त्यानेही वाचून ठेवलेलं, फरक इतकाच की त्याला ते फक्त टाईप करायचं होतं.

पार्सल आलं, विमान दिसायला फोटोतल्यासारखंच. मिरजेच्या बाहेर सोयाबीन निघालेलं मोठं रान आहे ओळखीच्यांचं, तिथे सकाळी वारा नसताना गेलो, मी आणि पोरगा. हाताने सोडलं की विमान नाक वर करून उभं चढायचं, हवेत थबकायचं आणि एका बाजूला कलंडून खाली. दरवेळी तेच. कधीमधी जरा लांब गेलं तर मधेच मोटर बंद, पाच-सात सेकंदांनी परत सुरू, तोवर विमान ज्वारीच्या ताटात.

फोन केला तर उत्तर तयार. "सर तुम्ही एलिव्हेटर जास्त ओढताय, सगळ्या बिगिनरचं होतं." (एलिव्हेटर म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी.) मोटर बंद पडते म्हटलं तर "सर तुमचा थ्रॉटलवरचा अंगठा खाली येतोय, लक्षात येत नाही सुरुवातीला." (थ्रॉटल म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी स्टिक.) इतक्या प्रेमाने सांगायचा की मलाच लाज वाटायची त्याला त्रास दिल्याची! मग नाक तुटलं, नवीन नाकाचे ९००. प्रॉपेलर, मोटर माउंट, परत एक पंख २,२०० ला. शिवाय "आमच्या ग्राउंडवर या, ट्रेनिंग देतो, फी ३,०००" हेही चालूच. बायको म्हणाली तो तुम्हाला विमान नाही, हप्ता विकतोय. खरंच होतं ते.

संशय पहिल्यांदा आला तो फेविक्विकमुळे. पंखाला चीर गेली म्हणून त्याला विचारलं काय लावू, तर म्हणे "ईपीओ आहे सर, बिनधास्त फेविक्विक लावा". लावलं तर फोम डोळ्यांदेखत विरघळला, चिरेच्या जागी बोट जाईल एवढं भोक. ईपीओ फोमला फेविक्विक व्यवस्थित चालतं, उलट सगळे तेच वापरतात. विरघळतो तो साधा थर्माकोल, ईपीएस, टीव्हीच्या खोक्यात येतो ना तोच, फक्त वर रंगीत टेप चिकटवलेली. ईपीओ जरा रबरासारखा असतो, दाबला की थोडा दबतो, वाकवला की वाकतो. थर्माकोल कडकन तुटतो आणि तुटलेल्या जागी साबुदाण्यासारखे दाणे सुटतात. घरी आणल्यावर आतल्या बाजूला न दिसणाऱ्या जागी फेविक्विकचा एक थेंब टाकून बघा, दोन मिनिटांत निकाल.

मग मावसभावाच्या पोराला बोलावलं, तो इंजिनीअरिंगला आहे आणि कॉलेजच्या विमान बनवणाऱ्या टीममध्ये असतो. त्याने विमान उडवायचं नावच घेतलं नाही. पहिल्यांदा बॅटरी हातात घेतली, जरा तोलून बघितली आणि म्हणाला, "काका, ही बावीसशेची नाहीये." किचनमधल्या काट्यावर ठेवली तर ११८ ग्रॅम. बरी २२०० ची थ्री-एस बॅटरी १७० ते १९० ग्रॅमच्या आसपास भरते. स्टिकर नखाने उचकटला तर खाली दुसरा स्टिकर, त्यावरचा आकडा खरवडलेला. मग त्याने स्वतःच्या बॅलन्स चार्जरवर लावली, वापरून उतरवलेली बॅटरी पूर्ण भरेपर्यंत चार्जरने दाखवले साडेबाराशेच्या आसपास एमएएच. म्हणजे जवळपास अर्धी.

आता गंमत बघा. बॅटरी नाकात बसते आणि विमानाचा तोल तिच्यावरच ठरतो. त्याने पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण तीस टक्क्यांवर दोन्ही बाजूंनी एकेक बोट लावून विमान उचललं, तर शेपूट धप्पकन खाली. म्हणजे टेल-हेवी. अशा विमानाचं नाक आपोआप वर जातं, स्पीड जातो, स्टॉल होतं (पंख विमान उचलून धरेनासे होतात) आणि पडतं. माझ्या अंगठ्याचा काही संबंधच नव्हता. पन्नास-सत्तर ग्रॅम वजन त्या माणसाने बॅटरीत मारलं, नाक तेवढं हलकं झालं आणि शेपूट जड, इतकं साधं. मोटर बंद पडायची ती पण याच बॅटरीने. फुल थ्रॉटलला असली मोटर दहा-पंधरा अँपिअर तरी खेचते, हलकी जुनी बॅटरी तेवढं देऊ शकत नाही, व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, बॅटरी वाचवायला मोटर तोडतं. लिपोचा प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, ३ च्या खाली गेला की खराब होतो, म्हणून ही सोय. सोय चांगली आहे, माल खोटा होता.

ऑटो स्टॅबिलायझरची गोष्ट तर अजून भारी. मावसभावाच्या पोराने आधी प्रॉपेलर काढला (हे कायम करा, टेबलावर काहीही तपासताना प्रॉपेलर काढायचाच, बोटं जातात), विमान चालू केलं आणि हातात धरून डावी-उजवीकडे कलवलं. जायरो, म्हणजे स्टॅबिलायझरच, असेल तर विमान कलवल्याबरोबर पंखावरचे एलेरॉन (मागच्या कडेच्या हलणाऱ्या पट्ट्या) स्वतःहून उलट्या बाजूला हलतात, तुम्ही स्टिकला हात न लावता. इथे काही हललं नाही. वरचं कव्हर उघडलं तर ज्याच्यावर 'स्टॅबिलायझर' लिहिलेलं ते साधं रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा डबा) निघालं, छापील स्टिकर लावलेलं.

ट्रान्समीटर मात्र खरा होता, फ्लायस्कायचा आय-सिक्स, चांगला असतो तो, बरेच जण त्याच्यावरच शिकतात. पण नवीन म्हणून दिलेला जुना होता. मेन्यूत गेलो तर आधीच्या मालकाने सेव्ह केलेली मॉडेलची नावं तशीच, त्यात एक क्वाड (चार पंख्यांचं ड्रोन) सुद्धा. आणि फेलसेफ सेट केलेला नव्हता. ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबायला पाहिजे, आमची चालूच राहिली. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण बाकी पैशाचं जाऊदे, सिग्नल तुटला असता आणि पोरगा समोर असता तर? फिरता प्रॉपेलर काही खेळणं नाही.

परत मागायला गेलो तर नियम पुढे आला, "एकदा उडवल्यावर वॉरंटी नाही सर, क्रॅश डॅमेज कव्हर होत नाही." म्हणजे उडवल्याशिवाय दोष कळणार नाही आणि उडवलं की वॉरंटी संपली. बॅटरीचा काट्यावरचा फोटो पाठवला, त्यावर "लॉट वेगळा आला असेल". चार्जरचा फोटो पाठवला, तर दोन निळ्या टिक आणि शांतता. दुसऱ्या दिवशी ब्लॉक.

बिल नव्हतं. यूपीआयने पैसे घेतलेले, तेही पेजच्या नावावर नाही, दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर. तरी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली. चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, जाहिरातीचा व्हिडिओ (हा नशिबाने आधीच डाऊनलोड करून ठेवलेला) सगळं जोडलं. २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की जाहिरातीत सांगितलं तसा माल नसेल किंवा दोष असेल तर विक्रेता परत घ्यायला नाही म्हणू शकत नाही. 'उडवल्यावर वॉरंटी नाही' हे त्याने स्वतः बनवलेलं, त्याने कायदा बदलत नाही. तक्रार गेल्यावर दुसऱ्या नंबरवरून फोन आला, आधी दम, मग सर, मग ६,००० परत. बाकीच्यासाठी ग्राहक आयोगात जायचं चाललंय, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही तिथे. सुट्या पार्टांचे पैसे धरले तर मी अजून बराच खड्ड्यात आहे.

आता ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी, मावसभावाच्या पोराकडून आणि स्वतःच्या डोक्याने जे जमलं ते. कॉम्बो घेऊच नका, किंवा घेतला तर प्रत्येक वस्तूचं नाव, मॉडेल नंबर आणि वजन बिलावर लिहून मागा. बिल देत नाही म्हटला की विषय संपला. पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर तीन गोष्टी करायला सांगा, बॅटरी काट्यावर ठेव, विमान चालू करून हातात कलवून दाखव, ट्रान्समीटर बंद करून मोटर थांबते का दाखव. खरा विकणारा पाच मिनिटांत करतो, आणि खोटा "सर आत्ता ग्राउंडवर आहे" म्हणतो. तो सुटे पंख आणि नाक ठेवतो का आणि केवढ्याला ते आधीच विचारा, कारण पहिलं विमान तुटणारच आहे, पण ते तुमच्या हाताने तुटू दे, त्याच्या बॅटरीने नको.

दीड-दोन हजारांत थर्माकोलची 'फायटर जेट' मिळतात ती पण ट्रेनर म्हणून खपवतात. बहुतेकांत दोन छोट्या मोटरी असतात, एक हळू दुसरी जोरात करून वळतं, एलिव्हेटर नसतोच. खेळायला ठीक आहेत, शिकायला काही उपयोग नाही, जरा वारा आला की शेजारच्याच्या गच्चीवर.

आणि ट्रान्समीटर आधी घ्या, विमान नंतर. यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर शिका, पिकासिमसारखे फुकटचेपण आहेत. विमान तुमच्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं होतं, तिथे सगळ्यांचा गोंधळ उडतो, तो गोंधळ स्क्रीनवर उडालेला परवडतो. मोटर पंखाच्या मागे असलेली पुशर विमानं पहिल्यासाठी बरी, नाकावर पडली तरी प्रॉपेलर वाचतो.

"लायसन्स-बियसन्स काही नाही, कुठेही उडवा" हेही त्याचंच वाक्य होतं. लायसन्सचं सोडा, शिकायच्या छोट्या विमानाला हौसेसाठी ते लागत नाही, पण कुठेही हे खोटं आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत हौसेची विमानंपण येतात, विमान नजरेच्या टप्प्यात ठेवायचं आणि डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन वेबसाइटच्या नकाशात तुमची जागा कुठल्या झोनमध्ये आहे ते आधी बघायचं, लाल असेल तर नाहीच. पुण्या-मुंबईवाल्यांनी तर नक्की बघा.

आमच्याकडे सध्या सनपॅकच्या (बोर्ड बनवायच्या पोकळ प्लास्टिक) शीटचं घरीच बनवलेलं विमान आहे, दिसायला भयानक आहे पण उडतं. त्या कॉम्बोमधल्या मोटर आणि दोन सर्व्हो (एलिव्हेटर वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) तेवढे ठीक निघाले, ते त्यात लावलेत. आणि ते पेज अजून चालू आहे, तोच पांढऱ्या-निळ्या विमानाचा व्हिडिओ, किंमत आता १२,९९९ आणि खाली "ऑफर आज रात्रीपर्यंतच".