चारा पिकांना झिंक, लोह आणि बोरॉन: काही महिने वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो. साधं झिंक सल्फेट पैसे वसूल. बोरॅक्स (बोरॉनचं खत) चांगलं, पण हात आखडता ठेवून. मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली मात्र पुन्हा घेणार नाही.

जमीन चुनखडीची, सामू (pH) 8 च्या वर. माती परीक्षणात झिंक 0.4 पीपीएम (दहा लाख भागांत 0.4 भाग) निघालं, 0.6 च्या खाली कमतरता धरतात. लोहही 4.5 च्या खाली, म्हणजे कमीच. तांबं आणि मँगनीज पुरेसं होतं, त्यामुळे ती दोन टाकलीच नाहीत. चारा पिकात मागे काही उरत नाही, धाटासकट सगळं गोठ्यात जातं. शेणखत त्याच रानात परतलं नाही तर तूट दर कापणीला वाढते.

झिंक सल्फेट एकरी 10 किलो, 21 टक्के झिंकवालं, शेणखतात मिसळून पेरणीआधी दिलं. 33 टक्केवालं असेल तर साडेसहा किलोत भागतं, तेव्हा पिशवीवरचा टक्का वाचाच. डीएपीत मिसळू नका, त्यात स्फुरद असतं. झिंक आणि स्फुरद एकमेकांना धरून बसतात. मक्यात एक पट्टा मुद्दाम कोरा सोडला होता. तिथे पोंग्यातल्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना, बुडाकडच्या अर्ध्या भागात पांढुरके पट्टे उठले, कांड्या आखूडल्या. झिंक दिलेल्या शेजारच्या ओळीत हे नावालाही नव्हतं. कोऱ्या पट्ट्यावर नंतर 0.5 टक्के झिंक सल्फेट फवारलं. त्यात निम्मा चुना घालावा लागतो, नाहीतर पानं करपतात. चुन्याची निवळी फडक्यातून गाळून घ्या. गाळली नाही तर द्रावण ताकासारखं दाट होतं आणि नोझल दर चार ओळींनी तुंबतो. नवीन पानं हिरवी आली, उंची मात्र भरून निघाली नाही.

आता ती बाटली. ज्वारीवर केवडा आला होता, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. बाटलीतलं लोह ईडीटीए रूपातलं, म्हणजे लोह विरघळलेलं राहावं म्हणून त्याला धरून ठेवणाऱ्या रसायनात बांधलेलं. मुळाशी ओतलं आणि काही फरक नाही. एवढ्या सामूला ईडीटीए लोहाला धरून ठेवत नाही, जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए हे त्याच जातीचं पण पक्कं धरणारं रसायन हवं. लेबलवर हे कुणी लिहीत नाही! शेवटी फेरस सल्फेटची फवारणी केली, तीही पुन्हा पुन्हा, कारण जुन्या पानातलं लोह नव्या पानात जात नाही.

लसूणघासाचे शेंडे पिवळसर-तांबूस पडून खुजे राहिले, तेव्हा मातीतलं बोरॉन तपासलं. कमी निघालं, मग बोरॅक्स दिलं. पुढच्या कापणीला शेंडे मोकळे वाढले. पण बोरॉनमध्ये कमी आणि जास्त यांत अंतर फार थोडं असतं, म्हणून एकसारखं पसरा आणि त्याच वाफ्यात लगेच मका घेऊ नका.

गोठ्याचं वेगळं. पीक 5-6 पीपीएम तांब्यावर हिरवंगार दिसतं, दुभत्या गाईला मात्र चाऱ्याच्या सुक्या वजनात (पाणी वगळून) 10 च्या आसपास लागतं. त्यात चाऱ्यात मॉलिब्डेनम आणि गंधक जास्त असेल तर आहे तेही अंगी लागत नाही, आणि अल्कधर्मी जमिनीत पीक मॉलिब्डेनम जास्त उचलतं. यासाठी रानात मोरचूद (कॉपर सल्फेट) ओतण्यापेक्षा चाऱ्याचा नमुना तपासून खनिज मिश्रणातून तांबं दिलेलं बरं. मेंढ्या असतील तर गाईंचं मिश्रण त्यांना देऊ नका, त्यांना तांबं लवकर बाधतं.

पुढच्या मक्याला झिंक टाकणार नाही. एकदा दिलेलं दोन-तीन पिकं पुरतं. बोरॉन मात्र पुन्हा तपासूनच.