टेरा निल, काही महिन्यांच्या वापरानंतर: बेट जगले, कातळ मात्र राहून गेला

टेरा निल हा गेम माझ्या लॅपटॉपवर गेल्या हिवाळ्यापासून आहे. तो मला आवडतो आणि मी तो अधूनमधून खेळत असते, पण त्याच्यावर सविस्तर लिहावे असे आजवर वाटले नव्हते. या जूनमध्ये आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, एका संस्थेने यंत्राने खड्डे काढून ओळीने अकेशिया या बाहेरच्या झाडाची रोपे लावली. ते पाहून माझा भाचा म्हणाला, "मावशी, हे तर तुझ्या गेमसारखंच झालं की." तो आनंदाने म्हणाला होता, मला मात्र ते वाक्य लागले. त्यानंतर मी गेममधले उष्णकटिबंधीय बेट पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतले, आणि हे लेखन त्या दुसऱ्या खेळण्यातून आले आहे.

गेमची मूळ कल्पना वाचकांना माहीत असेल, म्हणून ती थोडक्यात सांगते. दक्षिण आफ्रिकेतल्या फ्री लाइव्हज या स्टुडिओने तो बनवला, डेव्हॉल्व्हर डिजिटलने मार्च २०२३ मध्ये तो प्रकाशित केला, आणि मोबाइलवर तो नेटफ्लिक्सच्या सदस्यत्वातून आला. इतर गेममध्ये आपण शहर वसवतो. इथे उजाड जमिनीवर यंत्रे मांडून ती जिवंत करायची असते आणि शेवटी ती सगळी यंत्रे मोडून, भरून घेऊन निघून जायचे असते. चलन म्हणून पाने मिळतात. स्टीम या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावरच्या विक्रीच्या नफ्यातला काही वाटा एन्डेंजर्ड वाइल्डलाइफ ट्रस्ट या वन्यजीव संस्थेला देण्याची व्यवस्था प्रकाशकांनी केली, ही गोष्टही मला मोलाची वाटते.

आधी पैशांचे सांगते, कारण विकत घेताना माझ्या मनात तोच विचार होता. मी सवलतीची वाट पाहून हा गेम घेतला, तरीही पहिल्या आठवड्यात मला तो महाग वाटला. चार मुख्य प्रदेश आहेत आणि ते भराभर संपतात. प्रत्येक प्रदेशाचा एक पर्यायी नकाशा नंतर खुला होतो, पण नियम कळले की तोही फार वेळ घेत नाही. ज्यांना एकच गेम वर्षभर रोज खेळायचा आहे त्यांनी हे लक्षात घेऊनच पैसे टाकावेत. माझे मत पुढे बदलले, कारण हा गेम मी संपवण्यासाठी उघडते असे आता राहिलेले नाही. नंतर आलेली विटा नोव्हा ही सुधारणाही मोफत मिळाली, त्यामुळे घातलेल्या पैशांत भर पडली नाही. गावात नेटवर्क बेभरवशाचे असते. एकदा उतरवून घेतल्यावर गेम नेटशिवाय चालतो, हा मोठा दिलासा आहे. माझा लॅपटॉप जुना आहे आणि नकाशा हिरवा होत जातो तसा त्याचा पंखा जोरात फिरू लागतो, पण गेम अडखळत नाही.

आता बेटाविषयी. सुरुवातीला समुद्रात नुसता तपकिरी, विषारी मातीचा पट्टा दिसतो. विष काढणारी यंत्रे, त्यांना लागणारी वीज, मग गवत उगवणारी सिंचनयंत्रे, अशा क्रमाने पहिला टप्पा पार पडतो. दुसऱ्या टप्प्यात त्या गवताला वेगवेगळ्या अधिवासांचे रूप द्यायचे असते, आणि बेटावर त्यात उष्णकटिबंधीय जंगल आणि उथळ पाण्यातले प्रवाळ येते. तिसऱ्या टप्प्यात प्राणी परत येतात आणि आपण आवराआवर करतो. गेमचा पहिला प्रदेश असलेल्या खोऱ्यात सामान नदीतून बोटीने गोळा होते, बेटावर त्यासाठी मोनोरेल टाकावी लागते. ती मोनोरेल समुद्रावरून नेताना एकही खांब वाया जाऊ नये म्हणून मी जेवढा विचार केला, तेवढा दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये केलेला नाही.

हा आवराआवरीचा टप्पा मला आधी कंटाळवाणा वाटला होता. उभे केलेले सगळे पुन्हा मोडायचे, आणि एक यंत्र दूरच्या कोपऱ्यात विसरले असेल तर त्याच्यासाठी पुन्हा मार्ग बांधायचा. आता तोच टप्पा मला गेमचे सर्वात मोठे बळ वाटतो. आमच्याकडे बंद पडलेल्या चिरेखाणी तशाच उघड्या पडलेल्या असतात. पावसाळ्यात त्यांत पाणी साचते आणि त्यांना कुंपणही नसते. काम झाल्यावर जागा मोकळी करून जाणे हा कामाचाच भाग आहे, हे हा गेम भाषण न देता शिकवतो, कारण त्याशिवाय आपल्याला परत नेणारे विमान उडतच नाही. निघण्यापूर्वी पडद्यावरची सगळी बटणे बाजूला सारून फक्त बेट पाहत बसण्याची सोय आहे. पावसाचा आणि पक्ष्यांचा आवाज त्या वेळी इतका नेमका ऐकू येतो की मी काही वेळा केवळ तेवढ्यासाठी गेम उघडला आहे.

जाळण्याची क्रिया त्यांनी धीटपणे ठेवली आहे, त्याचेही कौतुक करते. पहिल्या खोऱ्यात जंगल हवे असेल तर आधी ठरावीक भागाला आग लावावी लागते आणि त्या राखेवर झाडे येतात. आग म्हणजे नेहमी विनाशच, असे शहरातल्या लोकांना शिकवलेले असते. आमच्याकडे पावसाच्या आधी पालापाचोळा, कवळे आणि शेण पसरून राब भाजला जातो आणि त्या भाजलेल्या जागेत भाताचे तरवे पेरले जातात. माझ्या आईने गेममधली ती आग पाहिली आणि न समजावता तिला नियम कळला.

एवढे सगळे चांगले असताना माझी तक्रार एकाच गोष्टीवर अडून बसली आहे, ती म्हणजे खडक. पहिल्याच खोऱ्यात पवनचक्की फक्त खडकावर उभी राहते. खडक कमी पडला तर नदीकाठी तो तयार करणारे यंत्रही मिळते. याचा अर्थ असा की गेमच्या हिशेबात खडक हा यंत्राचा पाया आहे. तिथे काही उगवत नाही, तिथे कुणी राहत नाही, आणि हिरवळीच्या टक्केवारीत त्याला जागा नाही. पुढचे नकाशे वेगळे आहेत, यंत्रे वेगळी आहेत, पण मूळ समज तीच राहते की उघडी जमीन ही आजारी जमीन आहे आणि गवताने झाकली की ती बरी झाली.

कोकणात राहणाऱ्या माणसाला ही समज खटकल्याशिवाय राहत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे वर्षातले बरेच महिने भाजलेल्या विटेच्या रंगाचे, पूर्ण उघडे दिसतात. गेमच्या पहिल्या पडद्यावर दिसणारी जमीन आणि मे महिन्यातला सडा यांत लांबून फारसा फरक दिसणार नाही. त्याच उघड्या कातळावर उन्हाळ्यात टिटवी अंडी घालते, कारण तिला उघडाच कातळ हवा असतो. जूनच्या पहिल्या सरींबरोबर दिपकाडीची पांढरी फुले येतात, आणि ही दिपकाडी कोकणातल्या या सड्यांची खास रहिवासी आहे. पुढे खळग्यांतल्या बोटभर मातीत सीतेची आसवे निळीजांभळी पसरतात. मातीत पोषण इतके कमी असते की ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवते. गेंद, तेरडा आणि कवळा यांचे बहर एकामागून एक येतात आणि पाऊस ओसरला की सगळे पुन्हा बी आणि कंदांच्या रूपात दडून बसते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातले कितीतरी पाणी या सच्छिद्र जांभ्यातून मुरते आणि खालच्या वाडीतल्या विहिरींना आणि झऱ्यांना मिळते. हीसुद्धा उष्णकटिबंधीय परिसंस्थाच आहे. तिच्यात झाडे नाहीत, एवढेच.

माणसांनाही या कातळाचे महत्त्व फार जुन्या काळापासून आहे. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी अशा सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. तरीही सरकारी वर्गवारीत खडकाळ, उघडी जमीन पडीकच समजली जाते. मग ती खाणीला द्या, सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे काढा, किंवा पुण्य म्हणून बाहेरची झाडे लावा. अकेशियाच्या सावलीत आणि पाल्याच्या थराखाली दिपकाडीला उन्हाची जागा उरत नाही. झाडे लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी जमीन पाहिली, ती तपकिरी होती, आणि तिचे काय करायचे हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. भाच्याचे वाक्य मला लागले ते यामुळे, कारण गेमही खेळणाऱ्याला नेमकी हीच नजर देतो, तीही इतक्या सुंदर चित्रांतून की ती कायमची डोळ्यांत बसते.

एका गेमकडून मी इतकी अपेक्षा करावी का, हा प्रश्न कुणी विचारेल. प्रवाळाबद्दल मी अशी तक्रार करत नाही. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या प्रवाळाला नांगर, पर्यटकांचे पाय आणि तापलेले पाणी यांचा त्रास होतो. गेममधले प्रवाळ मात्र सहज येते. ते सुलभीकरण मला मान्य आहे, कारण त्यातून प्रवाळाविषयी चुकीची शिकवण मिळत नाही, फक्त अपुरी मिळते. खडकाचे तसे नाही. तिथे गेम एका जिवंत गोष्टीला मृत ठरवतो.

हे लिहायला बसले तेव्हा माझा सूर याहून कडक होता. मधल्या काळात बेट पुन्हा खेळताना एक गोष्ट लक्षात आली आणि ती सांगणे न्याय्य आहे. गेममधली जमीन नैसर्गिकरीत्या उघडी नाही, ती विषाने मेलेली आहे. तिथे आधी काय होते ते कुणालाच माहीत नाही. शिवाय उद्दिष्टे पूर्ण व्हायला नकाशाचा कण न् कण हिरवा करावा लागत नाही. दुसऱ्या खेळण्यात मी मुद्दाम काही उंचवटे मोकळे ठेवले, सिंचनयंत्रे त्यांच्यापासून लांब मांडली, आणि बेट तरीही पूर्ण झाले. गेमने मला अडवले नाही. मोकळे ठेवल्याची त्याने दखलही घेतली नाही, आणि आता माझी तक्रार एवढीच उरली आहे.

ही दखल घेणे अवघड नव्हते, कारण लागणारे सगळे नियम गेममध्ये आधीच आहेत. आर्द्रता ठरावीक पातळीला पोचली की पाऊस पडतो. ज्या खडकाला सिंचनयंत्राचा स्पर्श झालेला नाही आणि ज्याच्यावर काहीही बांधलेले नाही, तो त्या पावसात फुलावा, एवढाच एक नियम हवा. मग खेळणाऱ्याला पहिल्या टप्प्यापासूनच विचार करावा लागेल की पवनचक्कीसाठी कोणता खडक खर्च करायचा आणि कोणता राखायचा. डावपेचांच्या दृष्टीनेही हे चांगले होईल, कारण सध्या खडक दिसला की त्याच्यावर चक्की ठेवणे हाच एक शहाणपणाचा मार्ग असतो. गेममधल्या हाताने काढलेल्या चित्रांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत अशा खडकासाठी एक पान सहज वाढवता येईल. टिटवीसारख्या पक्ष्याची अट म्हणून उघडी जमीन मागितली, तरी निम्मे काम होईल. ही सूचना मी इंग्रजीत लिहून विकासकांना पाठवली आहे, सोबत सड्याची मे आणि ऑगस्टमधली छायाचित्रे जोडली आहेत.

घ्यायचा असेल तर सवलतीत घ्या, आणि शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर खेळा, कारण छोट्या पडद्यावर मोनोरेलचे खांब मांडताना बोट चुकते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना तो निश्चिंतपणे देता येतो. त्यात हिंसा नाही, घाई नाही, आणि सोप्या पातळीवर मूल एकट्याने बेट पूर्ण करू शकते. कोकणातल्या मुलांना तो देणाऱ्यांनी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्यांना जवळच्या सड्यावरही न्यावे, पाऊल जपून टाकायला सांगावे, आणि दिपकाडी दिसली तर ती न तोडता दाखवावी. आमच्या सड्यावरच्या अकेशियाच्या रोपांबद्दल ग्रामसभेत बोलण्यासाठी मी वेळ मागितला आहे आणि भाचा तिथे गेममधला मोकळा ठेवलेला उंचवटा दाखवणार आहे.