लीड्सचा फ्लॅट दुरून विकताना: दोन इस्टेट एजंटांचा अकरा महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबर 2024 ते ऑगस्ट 2025. लीड्समधला आमचा दोन बेडरूमचा लीजहोल्ड, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा, फ्लॅट विकायला एवढा वेळ लागला, आणि या काळात आम्ही एकदाही इंग्लंडला गेलो नाही. 2022 च्या उन्हाळ्यात आम्ही तो देश सोडला, फ्लॅट भाड्याने दिला. 2024 च्या सप्टेंबरात भाडेकरू निघून गेले तेव्हा विकूनच टाकू असं ठरवलं. तिथे आमचं जवळचं कुणी नाही, त्यामुळे सगळी भिस्त एजंटवर. पहिला एजंट चार महिने होता, दुसरा सहा. दोघांचीही नावं देत नाही. निवडताना आमचं काय चुकलं आणि पुढे काय जमलं, ते सविस्तर सांगते.

तीन एजंटांकडून व्हॅल्युएशन मागवलं होतं. दोघांनी 1,85,000 पौंडांच्या आसपास आकडा सांगितला, एकाने 2,10,000. आम्ही 2,10,000 वाल्याला काम दिलं. त्याचं कमिशनही कमी होतं, 1 टक्का अधिक व्हॅट. वाटलं, भावही जास्त आणि फीही कमी, अजून काय हवं? खरं तर इंग्लंड आणि वेल्समध्ये कुठलं घर कितीला विकलं गेलं ते लँड रजिस्ट्रीच्या नोंदींत 1995 पासून फुकट बघायला मिळतं. आमच्याच इमारतीतले दोन फ्लॅट वर्षभरात 1,76,000 आणि 1,83,000 ला गेले होते. ही माहिती मी बघितली, पण बघितली ती सही केल्यानंतर दीड महिन्याने. सही करण्याआधी फक्त दहा मिनिटं काढली असती तर चार महिने वाचले असते.

त्या चार महिन्यांची किंमत साधी नव्हती. 30 ऑक्टोबर 2024 च्या बजेटनंतर सगळ्यांना कळून चुकलं की 1 एप्रिल 2025 पासून स्टॅम्प ड्यूटीची सूट कमी होणार, शून्य कराची मर्यादा 2,50,000 वरून 1,25,000 वर येणार. त्याआधी व्यवहार उरकावा म्हणून घेणारे घाईत होते. अशा दिवसांत आमचा फ्लॅट राइटमूव्ह या घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर 25,000 पौंड जास्त लावून पडून राहिला. ज्यांचं बजेट 1,90,000 पर्यंत होतं त्यांच्या शोधात तो येतच नव्हता. नोव्हेंबरमध्ये किंमत 2,00,000 केली, जानेवारीत 1,95,000. आणि एकदा किंमत उतरलेली दिसली की घेणाऱ्याच्या मनात येतंच, या घरात काहीतरी खोट आहे.

करार मोडून बाहेर पडावं तर 16 आठवड्यांचं बंधन. हा करार नीट वाचा, असं मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. इंग्लंडमध्ये ढोबळमानाने तीन प्रकार असतात. ‘सोल एजन्सी’मध्ये त्या काळात दुसऱ्या एजंटने घर विकलं तरी पहिल्याचं कमिशन लागू शकतं, पण तुम्ही स्वतःच गिऱ्हाईक शोधलंत तर सहसा द्यावं लागत नाही. ‘सोल सेलिंग राइट्स’ असेल तर तुम्ही स्वतः मित्राला विकलंत तरी कमिशन चुकत नाही. तिसरा ‘मल्टी एजन्सी’, त्यात जो विकेल त्याला पैसे, आणि म्हणून टक्का जास्त. आमच्या करारात वर ‘सोल एजन्सी’ आणि खाली बारीक अक्षरात काम काढून घेतल्यास फोटो आणि जाहिरातीचे 300 पौंड. शिवाय ‘रेडी, विलिंग अँड एबल’ असं कलम दिसलं तर ते काढायला लावा. त्या शब्दांचा अर्थ असा की घ्यायला तयार आणि समर्थ असा माणूस एजंटने आणून उभा केला की व्यवहार पूर्ण झाला नाही तरी त्याची फी लागू होते.

आता माझ्या सगळ्यात मोठ्या तक्रारीकडे येते. फेब्रुवारीत आमच्या जुन्या शेजाऱ्याशी सहज बोलणं झालं. त्याच्या नात्यातल्या एकाने डिसेंबरमध्ये आमच्या फ्लॅटसाठी 1,78,000 ची ऑफर दिली होती आणि ‘मालक एवढ्याला देणार नाहीत’ असं सांगून एजंटने त्याला परत पाठवलं होतं. आमच्यापर्यंत ती ऑफर आलीच नाही. ऐकून मी सुन्न झाले. आलेली प्रत्येक ऑफर विकणाऱ्याला तातडीने आणि लेखी कळवणं हे तिथल्या एजंटवर कायद्याने बंधनकारक आहे. द्यायची की नाही हे आम्ही ठरवायचं, त्याने नाही. तोपर्यंत त्या माणसाने दुसरं घर घेतलेलं होतं.

आम्ही लेखी तक्रार केली. इंग्लंडमध्ये एजंट व्हायला ना परवाना लागतो ना परीक्षा, पण घरविक्री करणाऱ्या प्रत्येक एजंटला सरकारमान्य तक्रार निवारण योजनेचं सभासद व्हावंच लागतं. त्यातली एक प्रॉपर्टी ओम्बड्समन, दुसरी प्रॉपर्टी रिड्रेस. आधी एजंटकडे तक्रार द्यायची, आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर या योजनेकडे जायचं, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. आमचं प्रकरण तिथवर गेलं नाही. आमच्या पत्रात कलमांचा उल्लेख बघून त्यांनी 300 पौंड सोडून दिले आणि एका ओळीची दिलगिरी पाठवली. मी ते तिथेच थांबवलं, कारण दुसऱ्या एजंटकडे काम सुरू करायचं होतं. थांबवायला नको होतं असं आजही वाटतं.

बाहेर पडताना एक गोष्ट मात्र बरोबर केली. पहिल्या एजंटने ज्या ज्या लोकांना फ्लॅट दाखवला त्यांची यादी लेखी मागून घेतली. त्यातल्या कुणी पुढे दुसऱ्या एजंटमार्फत फ्लॅट घेतला असता तर पहिल्यानेही कमिशन मागितलं असतं. यादी हातात असल्यामुळे दुसऱ्याला आधीच सांगता आलं.

दुसऱ्या वेळी भावावरून निवडलंच नाही. तीन जणांना फोन केला आणि एकच प्रश्न विचारला: ऑफर स्वीकारल्यापासून किल्ल्या देईपर्यंत आमचं काम कोण बघणार? दोघांनी ‘आमची टीम’ असं उत्तर दिलं. तिसऱ्याने एका बाईंना फोन दिला, त्या फक्त तेच काम करतात. तिथे त्याला सेल्स प्रोग्रेशन म्हणतात. त्यांचं कमिशन 1.5 टक्के अधिक व्हॅट होतं, आणि एक पैसाही घासाघीस न करता आम्ही सही केली.

कारण तोवर एक हिशेब डोक्यात बसला होता. किंमत 5,000 पौंडांनी उतरली तर आमचे 5,000 जातात, एजंटचे जातात फक्त 75. लवकर विकलं जाणं त्याच्या सोयीचं, चांगल्या भावाला विकलं जाणं आमच्या. त्यामुळे एजंट भावासाठी भांडेल ही अपेक्षाच चुकीची होती. त्याचा खरा उपयोग ऑफरनंतर आहे. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य केली म्हणजे काहीच पक्कं होत नाही. दोन्हीकडच्या सॉलिसिटरांनी (वकिलांनी) कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज, म्हणजे सह्या झालेल्या करारांची अदलाबदल, करेपर्यंत कुणीही, कधीही, काहीही न देता मागे फिरू शकतो. हे महिने पार पाडायला कुणीतरी रोज पाठपुरावा करणारं लागतं, आणि दूर बसून तो आपण करू शकत नाही.

या बाईंनी पहिल्याच दिवशी, फोटो काढायच्याही आधी, कागद मागितले. लीजची प्रत, तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे (इमारतीच्या देखभालखर्चाचे) हिशेब, ग्राउंड रेंटच्या (जमिनीच्या भाड्याच्या) पावत्या, आणि इमारतीचा ईडब्ल्यूएस1 फॉर्म. 14 जून 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून 72 माणसं गेली. त्यानंतर इमारतींच्या बाहेरच्या आवरणाची तपासणी सुरू झाली आणि हा फॉर्म आला. उंच इमारतीतल्या फ्लॅटवर कर्ज देताना बँका तो मागतात. पहिल्या एजंटने चार महिन्यांत त्याचं नावही काढलं नव्हतं. फॉर्म नसता आणि ऑफर आल्यावर कळलं असतं तर घेणारा तिथेच निसटला असता.

त्यांनी सांगितल्यावरूनच मॅनेजमेंट पॅकची, म्हणजे इमारतीच्या खर्चाच्या आणि व्यवस्थापनाच्या कागदांच्या संचाची, मागणी ऑफर यायच्या आधी नोंदवली. इमारत सांभाळणारी कंपनी त्याचे पैसे घेते आणि सावकाश देते. आमचा यायला सहा आठवडे लागले. 2022 च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यामुळे आणखी एक कागद लागला, लीजधारकाचं डीड ऑफ सर्टिफिकेट. 14 फेब्रुवारी 2022 या दिवशी फ्लॅट तुमचं मुख्य घर होतं का, ते त्यात सांगायचं असतं. आमचं होतं. सुदैवाने त्या काळातली काउन्सिल टॅक्सची बिलं आम्ही जपून ठेवली होती.

एप्रिलमध्ये 1,80,000 ची ऑफर आली, ईमेलवर, घेणाऱ्याच्या कर्जाच्या कागदासकट. दर गुरुवारी त्या बाईंचा ईमेल यायचा. काही घडलं नसलं तरी ‘या आठवड्यात काही नाही, सर्वे पुढच्या मंगळवारी’ असा. दूर असलेल्या माणसाला या एका ओळीची काय किंमत असते हे मी शब्दांत सांगू शकत नाही. पहिल्या चार महिन्यांत फोन करून करून आमची झोप उडाली होती, कारण तिकडचं ऑफिस बंद व्हायच्या वेळेला आमच्याकडे रात्र असायची.

एक्सचेंजच्या आठवडाभर आधी घेणाऱ्याने 4,000 पौंड कमी करा असं म्हटलं. तिथे याला गझंडरिंग म्हणतात, आणि ते बेकायदेशीर नाही. माझा पहिला विचार होता, जाऊ दे, देऊन टाकू. बाईंनी थांबवलं. कारण लेखी मागितलं. सर्व्हिस चार्ज वाढणार असल्याचं पॅकमध्ये होतं, तेच कारण निघालं. पण ते पॅक त्याच्या सॉलिसिटरकडे जूनपासूनच होतं. 1,500 वर तुटलं. 1,78,500 ला एक्सचेंज झालं. त्यांचं बिल व्हॅटसह 3,213 पौंड. द्यायला जराही जड गेलं नाही.

या एजंटचंही सगळंच चांगलं नव्हतं. त्यांनी सुचवलेला सॉलिसिटर आम्ही घेतला नाही. विचारल्यावर कळलं की त्यांना त्याच्याकडून रेफरल फी मिळते. आमचा आम्ही निवडला आणि बरं झालं. रिकाम्या फ्लॅटच्या बाबतीतही ते सुरुवातीला हलगर्जी होते. अनेक विमा पॉलिसींमध्ये घर 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं की संरक्षण कमी होतं, आणि मधूनमधून कुणी जाऊन बघितल्याची नोंद मागतात. हे आम्ही स्वतः वाचून काढलं आणि मग त्यांच्याकडून आठवड्याच्या भेटीचा फोटो मागायला लागलो.

रिकामं घर आणि परदेशी मालक म्हटलं की फसवणूकही मनात येते. 2021 मध्ये ल्यूटनमधलं एक घर मालकाच्या नावाची खोटी कागदपत्रं दाखवून परस्पर विकल्याची बातमी आली होती. लँड रजिस्ट्रीची प्रॉपर्टी ॲलर्ट सेवा फुकट आहे, आपल्या मालमत्तेच्या नोंदीत कुणी ढवळाढवळ केली की ईमेल येतो. देश सोडतानाच आम्ही ती सुरू करायला हवी होती, केली दोन वर्षांनी. आणि सॉलिसिटरच्या नावाने ‘आमचा खातेक्रमांक बदलला आहे’ असा ईमेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका.

मालकीहस्तांतराच्या कागदावर आम्हा दोघांच्या सह्या लागल्या, साक्षीदारासमोर. साक्षीदार खोलीत प्रत्यक्ष हजर हवा, व्हिडिओ कॉल चालत नाही. पहिल्या खेपेला नवऱ्याच्या सहीखाली साक्षीदाराचा पत्ता राहिला आणि कागद परत आला, दहा दिवस गेले. कुरियरने पाठवण्याआधी स्कॅन करून सॉलिसिटरला दाखवा.

29 ऑगस्टला, शुक्रवारी, कम्प्लीशन झालं, म्हणजे पैसे मिळाले आणि फ्लॅट घेणाऱ्याच्या ताब्यात गेला. त्या संध्याकाळी बाईंचा शेवटचा ईमेल आला: वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे, आणि रिकाम्या हॉलचा एक फोटो, खिडकीतून कालवा दिसणारा. यूकेत न राहणाऱ्या मालकाला घर विकल्याची नोंद 60 दिवसांच्या आत एचएमआरसीकडे, म्हणजे तिथल्या करखात्याकडे, करावी लागते, नफा झाला असो वा नसो. ती त्यांनी आठवण करून दिली म्हणून सप्टेंबरमध्येच आटोपली.